अनडू केल्यावर दिसलेलं नाव

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत टायपिंग करून देण्याचं आणि लग्नपत्रिका छापून देण्याचं एक दुकान आहे. तिथे मी अकरा वर्षांपासून कामाला आहे. दुकानाचे मालक म्हणजे आमचे सर. पूर्वी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. लग्नाआधी मी तिथेच टायपिंग शिकले आणि मराठीची परीक्षा पास झाले. पुढे नवऱ्याकडून फारकत घेऊन परत आले तेव्हा सरांनीच निरोप पाठवून बोलावून घेतलं. माहेरचं गाव इथून एसटीने वीस मिनिटांवर आहे, पण मी माहेरी राहिले नाही. गोरेगावातच एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी गावी जायचं आणि रविवारी परत यायचं, असा माझा नेम.

टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं की अख्खा कागद ओढून काढावा लागायचा. त्यामुळे माझ्या बोटांत एक भीती कायमची बसलेली होती. दुकानात कॉम्प्युटरवर बसले त्या पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाचं चार पानी प्रतिज्ञापत्र पूर्ण टाइप केलं, सगळं एकदम सिलेक्ट झालं, आणि माझं बोट कुठल्याशा अक्षरावर पडलं. पान कोरं. मी हात मांडीवर घेऊन तशीच बसले. सर मागून आले, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी दोन बटणं दाबली आणि चारही पानं जागच्या जागी आली.

"घाबरता काऊन?" ते म्हणाले. "त्याले सगळं याद राहते."

ते अनडू. कंट्रोल दाबून झेड. जितक्या वेळा दाबाल तितकी पावलं मागे. जास्त मागे गेलात तर कंट्रोल दाबून वाय, की पुन्हा पुढे, ते रिडू. पण मागे गेल्यावर मधेच एखादं नवीन अक्षर टाइप केलं तर पुढची वाट बंद होते, हेही सरांनी तेव्हाच सांगितलं. तिसरं रिपीट. शेवटी जे केलं तेच पुन्हा करायला एफ फोर. पत्रिकेत तीस-चाळीस नावं ठळक करायची असली की पहिलं नाव ठळक करायचं आणि मग प्रत्येक नावावर जाऊन नुसतं एफ फोर दाबायचं. या तीन गोष्टींवर माझे अकरा वर्षांचे दिवस गेले, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा माझ्या भाच्चीचं लग्न ठरलं. माझ्या धाकट्या भावाची ही एकुलती एक पोर. मुलगा गोंदियाचा. उन्हाळी धानाची निंदणी चालू होती त्या दिवसांत भावाचा सकाळी फोन आला की आज बाजाराला येतो आहे, पत्रिकेचा मजकूर लिहून आणतो. मला नेमकं त्या दिवशी कागदांचा एक गठ्ठा घेऊन गोंदियाला जायचं होतं. मी त्याला म्हटलं, सरांकडे दे, मी आल्यावर नीट लावून देईन. पत्रिकेची चौकट मी आधीच निवडून ठेवली होती, दोन्ही बाजूंनी धानाच्या लोंब्या असलेली.

मी परतले तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. सर जेवायला घरी निघतच होते. पत्रिका टाइप झाली आहे, म्हणाले, फक्त चौकट लावा आणि एक प्रूफ काढून ठेवा. माझ्याकडे न बघता चप्पल घालून ते गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मी उन्हातून आले होते, पाणी प्यायले आणि खुर्चीवर बसले.

फाइल उघडीच होती. भाच्चीचं नाव मोठ्या अक्षरात बघून मला बरं वाटलं. मी वरून खाली वाचत गेले. आजोबांच्या नावामागे कै. बरोबर होतं. मायचं नाव होतं. मग भाऊ, वहिनी, चुलत भाऊ, मामा. आणि आत्याच्या जागी माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. एवढंच.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग मनाशी म्हटलं, विसरला असेल. भाऊ घाईचा माणूस, शेतातून येऊन दहा मिनिटांत लिहिलं असेल. शिवाय माझ्यासारखीच्या नावाआधी काय लावायचं हा प्रश्न मलाही एवढ्या वर्षांत सुटलेला नाही. सौ. लावता येत नाही. श्रीमती लावलं तर लोक नवरा गेला असं समजतात. शेकडो पत्रिका केल्या मी. अशी नावं बहुतेक घरं गाळतात, आणि मी त्याबद्दल कधी कुणाला विचारलेलं नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते मी गिळलं आणि चौकट लावायला घेतली.

चौकट लावली आणि गणपतीचं चित्र सरकून मजकुरावर बसलं. खालच्या ओळी दुसऱ्या पानावर गेल्या. सगळं विस्कटलं. मी सवयीने कंट्रोल झेड दाबलं. चौकट गेली. पण चित्र अजून सरकलेलंच दिसत होतं, म्हणून मी दाबत राहिले. चित्र वर गेलं. तारीख ठळक होती ती साधी झाली. लग्नस्थळाची ओळ लहान झाली. सरांनी मघा जे जे केलं होतं ते उलट्या क्रमाने सुटत चाललं होतं. मी थांबायला हवं होतं. बोट एकदा जास्त पडलं.

बहिणीच्या ओळीच्या वर एक ओळ उगवली. माझं नाव. नावाच्या आधी काही नाही, आणि नावाच्या पुढे कंसात, मोठी आत्या.

मी बोट उचललं. दुकानातला पंखा चालू होता, बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, हे सगळं मला ऐकू येत होतं, पण कानात कापूस घातल्यासारखं. मी कंट्रोल वाय दाबलं. ओळ गेली. झेड दाबलं, ओळ आली. वाय, गेली. किती वेळा केलं कुणास ठाऊक. दर वेळी वाटायचं की मी काही चुकीचं बघते आहे, हे नाव दुसऱ्या कुठल्या तरी फाइलमधून आलं असेल. पण मला हे काम येतं. अनडू कुठून काही आणत नाही. आधी असेल तेच परत देतं. कुणीतरी माझं नाव लिहिलं होतं, आणि मग कुणीतरी ते काढलं होतं. भाऊ विसरला म्हणून मी पाच मिनिटांपूर्वी जी समजूत काढली होती ती माझ्या डोळ्यांदेखत खोटी झाली.

भावाच्या हातचा कागद टेबलाच्या खणात होता. मी तो काढला. त्याच्या वाकड्या अक्षरात माझं नाव होतं, पुढे कंसात मोठी आत्या, आणि त्यावर कसलीही रेघ नव्हती.

सर जेवून आले तेव्हा स्क्रीनवर ती ओळ तशीच ठेवून मी बसले होते. त्यांनी ती पाहिली आणि दारातच उभे राहिले. मी विचारलं, हे कुणी काढायला सांगितलं. ते समोरच्या स्टुलावर बसले आणि सांगितलं. भाऊ कागद देऊन बाजारात गेला, त्यांनी टाइप केलं, आणि थोड्या वेळाने दुकानाच्या फोनवर एका बाईचा फोन आला. माझा फोन लागत नसला तर असावा म्हणून हा नंबर मीच घरी लिहून दिला होता.

"तुमची माय होती," सर म्हणाले. "पोराले मालूम नाही, पण थोरलीचं नाव काढून टाका, म्हणाली. अन् तुमाले सांगू नका, म्हणाली. मी काय करू? घर का मामला है."

मला पहिल्यांदा त्यांचं बोलणं कळलंच नाही. मी वहिनीचं नाव ऐकायची तयारी केली होती, खरं सांगायचं तर. बहिणीच्या नवऱ्याचं नावही मनात येऊन गेलं होतं. मायचं नाव मनातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. फारकतीच्या वेळी कोर्टात माझ्यासोबत दर तारखेला येणारी तीच होती. डब्यात भाकरी बांधून आणायची आणि कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली मला खाऊ घालायची.

मी जसं होतं तसं प्रूफ काढलं, माझ्या नावासह, आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. सरांनी विचारलं नाही. साडेतीनची बस मिळाली. गावापर्यंतच्या रस्त्यात मी काय विचार केला ते मला आठवत नाही. कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं, एवढं आठवतं.

माय अंगणात खाटेवर लुगडं पसरून तांदळाचे पापड वाळत घालत होती. शनिवार नसताना मी आलेली पाहून ती म्हणाली, काऊन आली वं, बरं आहे ना. मी प्रूफ उघडून तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येतं, हळू येतं. तिने माझ्या ओळीपर्यंत वाचलं आणि पुन्हा पापडांकडे वळली.

मी विचारलं, तू फोन केला होतास का. ती म्हणाली, हो, मीच केला. मी विचारलं, काऊन. ती एकेक पापड उलटत राहिली. मग वर न बघता ती म्हणाली,

"पोराकडचे लोक पाहाले आले तवा त्याच्या मायनं पुसलं मले, पोरी किती तुमाले. मी म्हणलं, एक."

मी म्हटलं, "कोणती?"

इतका वेडा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. पण त्या क्षणी मला खरंच तेवढंच सुचलं. दोघींतली कोणती ठेवलीस? माय माझ्याकडे बघायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं. मी खाटेच्या माचव्याला धरून खाली बसले.

मग तिने एकेक सांगितलं. हे दुसरं स्थळ होतं. त्याआधी एक स्थळ आलं होतं, हिवाळ्यात, ते मला माहीत होतं, कारण त्या दिवशी मीच सगळ्यांना पोहे दिले होते. ती माणसं चांगली बोलून गेली आणि नंतर जमत नाही असा निरोप आला. पत्रिका जुळली नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. पत्रिका त्यांनी पाहिलीच नव्हती. ज्या घरची बाई नवरा सोडून आली त्या घरची पोर आम्हाला नको, असा निरोप होता. घरातल्या कुणीही मला हे कळू दिलं नाही. दुसरे पाहुणे आले त्या आठवड्यात मायने फोन करून म्हटलं होतं, दुकानात काम असंल तं राहू दे, येऊ नको. आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या हाती लाडवांचा डबा पाठवला होता. ते लाडू मी चार दिवस पुरवून खाल्ले होते. साखरपुड्यालाही मोजकीच माणसं आहेत म्हणून तिने मला असंच थांबवलं होतं.

"तुले लपवलं नाही मी," माय म्हणाली. "पोरीचं जमू दे, मंग सांगन म्हणलं सगळ्यायले."

तिचा आवाज नेहमीचाच होता. कुठल्या भांड्यात काय ठेवलंय हे सांगावं तसा. मला त्याचाच जास्त धक्का बसला. ती रडली असती, चिडली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तेवढ्यात भाऊ शेतातून आला. धानाला पाणी देऊन आला होता, पाय चिखलाने भरलेले. मला बघून आधी खूश झाला, मग आमचे चेहरे बघून थांबला. मी त्याला प्रूफ दिलं आणि झालेलं सांगितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. तो मायवर ओरडेल असं मला वाटलं. तो पायरीवर बसला, कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग आता काय करावं, बाई?"

बाई म्हणजे मी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. त्याचा प्रश्न मला होता. नाव काढून टाक असं मीच म्हणावं अशी त्याची इच्छा आहे, हे मला त्या एका वाक्यात कळलं. ज्याने स्वतःच्या हाताने मोठी आत्या असं लिहिलं होतं तोच. मला त्याचा राग आला नाही. पोरीचं लग्न मोडायची भीती काय असते ते बापाला माहीत. पण त्या दुपारी मी पुन्हा एकदा हादरले. माझ्या जिभेवर आलं होतं, ठीक आहे, काढून टाक. मी ते म्हणणारच होते.

भाच्ची घरातून बाहेर आली. ती बी. एस्सी. झालेली, गोंदियाला क्लासला जाणारी, घरात फार न बोलणारी पोर. दाराच्या आतून ती सगळं ऐकत असावी. तिच्या हातात पापडाचं पीठ लागलेलं होतं.

"त्याले मालूम आहे," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. बापाने विचारलं, काय मालूम आहे.

"आत्याचं. साखरपुड्याच्या आधीच सांगतलं मी त्याले. त्याच्या मायलेही मालूम आहे."

माय पापड हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, कसं शक्य आहे, ती बाई साखरपुड्यात माझ्याशी दोन घंटे बोलली, तिने एक शब्द काढला नाही. भाच्चीने जरा थांबून हळूच सांगितलं,

"त्या म्हणाल्या, तुह्या आजीले सांगावं वाटत नाही तं आपण कायले काढायची गोष्ट. त्यायले वाईट वाटंल."

मी मायकडे बघितलं. तिच्या हातातला ओला पापड मधोमध फाटला होता आणि तिला ते कळलं नव्हतं. पंचाहत्तरीला आलेली बाई, गावात जिच्या शब्दाला किंमत आहे अशी. जिच्यापासून तिने लपवलं त्या बाईने सगळं माहीत असून तिची लाज राखली होती. महिना-दोन महिने. मायने फाटलेला पापड पदरात घेतला आणि ती घरात गेली. त्या संध्याकाळी ती बाहेर आली नाही. मी शेवटच्या बसने परत आले. भाच्ची स्टॉपपर्यंत सोबत आली आणि बस येईपर्यंत क्लासबद्दलच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा सरांनी कॉम्प्युटर आधीच सुरू केलेला होता. रात्री बंद करताना त्यांनी फाइल सेव्ह केली होती, पण त्याआधी रिडू करत शेवटपर्यंत गेले होते आणि चौकट नीट बसवली होती. माझी ओळ नव्हती. अनडूचं चिन्ह फिकं पडलं होतं. मागे जायला आता काहीच शिल्लक नव्हतं. सर म्हणाले, माफ करा, मला वाटलं मायचंच ऐकायचं आहे. मी म्हटलं, नाही.

मी बहिणीच्या ओळीच्या आधी एंटर मारलं आणि माझं नाव पुन्हा टाइप केलं. दोनदा वेलांटी चुकली. भावाने लिहिलं होतं तसंच, नावाआधी काही नाही, पुढे कंसात मोठी आत्या. बहिणीचं नाव ठळक होतं, माझं साधं दिसत होतं. मी बहिणीचं नाव पुन्हा एकदा ठळक केलं, माझ्या नावावर आले आणि एफ फोर दाबलं. सर बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, प्रूफ काढू का. मी म्हटलं, प्रूफ नको, सगळ्या काढा.

लग्न चांगलं झालं. आत्याने करायचे ते सगळे विधी मी आणि बहिणीने मिळून केले. मुलाची आई मला भेटली तेव्हा पत्रिका छान झाली म्हणाली, धानाच्या लोंब्या तिला आवडल्या होत्या. बाकी ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. मी तिच्या पाया पडले. वयाने ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, तिला ते आवडलं नाही, तिने मला मधेच धरलं.

माय आणि मी त्या दिवसाबद्दल अजून बोललेलो नाही. मी शनिवारी जाते. ती माझ्यासाठी भाजी काढून ठेवते, मी आले की गरम करते. कधी कधी ती चुलीशी बसलेली असताना मी तिच्या पाठीकडे बघते आणि मला ते पुन्हा तसंच अंगावर येतं. कुणी विचारलं, पोरी किती, आणि तिने लगेच म्हटलं, एक. तिला आधी थांबावं लागलं असेल का, की सहज निघालं तोंडातून? हे मला विचारायचं आहे. दर शनिवारी बसमध्ये मी ते वाक्य तयार करते. मग घरी पोचते, ती म्हणते, हातपाय धू, आणि मी हातपाय धुवायला जाते.